नफल रोजा : कोणी न सांगता धरलेला उपवास

धाराशिव जिल्ह्यात उपवास कोणाला नवखा नाही. तुळजापूरला नवरात्राचे उपवास असतात, गोरोबाकाकांच्या तेरला एकादशी असते आणि धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या परिसरात रमजानचे रोजे असतात. परंतु रमजानखेरीज इतर दिवशीही मुस्लिम बांधव स्वेच्छेने रोजे धरतात, हे आपणा ख्रिस्ती भाविकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. शेजाऱ्याने एखाद्या दिवशी आपला चहा नाकारला, तर आपण त्याचा भलताच अर्थ लावतो. म्हणून या रोजांची थोडी ओळख करून देणे आम्हाला आवश्यक वाटते.

रमजानचे रोजे ‘फर्ज’, म्हणजे अनिवार्य असतात. ऐच्छिक रोजांना ‘नफल’ म्हणतात. पहाटेपूर्वी सहेरी, मनातील संकल्प, सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य आणि मग इफ्तार, हा क्रम दोन्हींत सारखाच असतो.

मोहरमची १० तारीख म्हणजे आशुरा. आपल्या गावांना या दिवसाचे ताबूत परिचित आहेत. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसैन यांना आलेल्या हौतात्म्याचे हे स्मरण होय. सुन्नी परंपरेत या दिवशी रोजाही धरतात आणि त्याचा संबंध थेट मोशेशी आहे. परमेश्वराने मोशे व त्याच्या लोकांना फारोच्या हातून सोडवले, त्याबद्दल मदिनेतील यहुदी उपवास करीत. ते पाहून हजरत मुहंमद पैगंबरांनीही तो केला, असे हदीस सांगते. या रोजाने मागील एका वर्षाच्या पापांची क्षमा होते, अशी श्रद्धा आहे.

जिलहिज्जची ९ तारीख म्हणजे अरफा, बकरी ईदचा आदला दिवस. त्या दिवशी हाजी अरफातच्या मैदानावर प्रार्थनेत उभे असतात. त्यांच्यासाठी रोजा नाही. घरी राहिलेले लोक मात्र तो धरतात. मागील व पुढील अशा दोन वर्षांच्या पापांची क्षमा, हे त्याचे फळ मानले जाते. रमजान ईदनंतर शव्वाल महिन्यात सहा रोजे धरणाऱ्यास वर्षभराच्या उपवासाचे पुण्य लाभते, असे म्हणतात. एका सत्कृत्याचे फळ दहापट, म्हणून ३० आणि ६ मिळून ३६ रोजे ३६० दिवसांच्या बरोबरीचे. दोन्ही ईदच्या दिवशी मात्र रोजा निषिद्ध आहे. देवाने दिलेला आनंद नाकारू नये, ही त्यामागील भावना.

मग हा केवळ पुण्याचा हिशेब आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. बहुतेक मुस्लिम धर्मपंडितांच्या मते ही क्षमा लहान पापांपुरती असते. मोठ्या पापासाठी मनापासून ‘तौबा’ करावी लागते आणि कोणाचा हक्क बुडवला असेल तर तो परत करावा लागतो. शिवाय रोजा खरोखर पाळला की नाही, हे एका देवालाच ठाऊक असते. म्हणूनच त्याचे फळ देव स्वतः देतो, असे हदीसमध्ये म्हटले आहे.

येथे आपल्याला प्रभू येशूचा डोंगरावरील उपदेश आठवल्यावाचून राहत नाही. उपवास करताना चेहरा उतरवू नका, गुप्तपणे पाहणारा पिता प्रतिफळ देईल, असे तो सांगतो (मत्तय ६:१६-१८). दोन धर्मांतील फरक आम्ही झाकू इच्छित नाही. पापक्षमा ही ख्रिस्ताच्या क्रूसाची कृपा आहे, उपवासाची मजुरी नव्हे, हा आपला विश्वास आहे. तरीही २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुस्लिमांच्या प्रार्थना, दानधर्म व उपवास यांचा आदराने उल्लेख केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ डिसेंबर २००१ रोजी, रमजानच्याच दिवसांत, कॅथोलिकांना शांतीसाठी उपवास करण्यास सांगितले होते.

ख्रिस्तसभेने आपल्याला राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार असे उपवासाचे दोनच दिवस बंधनकारक केले आहेत. बाकी सारे आपल्या प्रेमावर सोडले आहे. ते स्वातंत्र्य आपण कशासाठी वापरले? ज्याला कोणी सक्ती केली नाही, तो शेजारी मोशेच्या सुटकेसाठी दिवसभर तहानलेला राहतो. आपणही एखाद्या साध्या शुक्रवारी कोणालाही न सांगता एक जेवण सोडावे आणि ते भुकेल्याच्या ताटात जावे. आणि आशुराच्या दिवशी शेजाऱ्याला चहा द्यायचाच असेल, तर तो सूर्यास्तानंतर द्यावा.