मका हेडरची निगा : हंगामापूर्वीचे एक आवश्यक काम

मक्याची काढणी, मळणी व उफणणी एकाच फेरीत करणाऱ्या कंबाइन यंत्राच्या पुढील भागास मका हेडर म्हणतात. कंबाइनला जोडावयाचा दोन ओळींचा असा हेडर अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने १९५४ साली बाजारात आणला व पुढे आयोवा, इलिनॉय या मकाप्रधान राज्यांतील काढणीची पद्धतच पालटली. आपल्या राज्यातही मका पिकविणाऱ्या भागांत अशी यंत्रे भाड्याने येऊ लागली आहेत. यंत्र नवे असो वा जुने, हेडरचे झिजलेले भाग वेळीच न बदलल्यास हाताशी आलेले पीक मातीत पडते, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

रचना व कार्य

गव्हाचा हेडर पीक कापतो. मका हेडर ताट खाली खेचतो. प्रत्येक ओळीखाली दोन रूळ एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरत असतात. ते ताट वेगाने खाली ओढतात. रुळांच्या वर दोन लोखंडी पट्ट्या असून त्यांमधील फटीतून ताट निघून जाते, कणीस मात्र अडून तुटते. तुटलेले कणीस पाकळ्या असलेल्या दोन साखळ्या मागे ऑगरकडे नेतात. रूळ, पट्ट्या व साखळ्या या तिन्हींचा मेळ बसला तरच काम सुरळीत चालते.

झीज कशी ओळखावी

ताटावरील धूळ व माती यांमुळे हे भाग सतत घासले जातात. रुळांच्या धारा बोथट झाल्या की ताटे पुरती खाली ओढली जात नाहीत. ती मध्येच मोडतात आणि पाचोळा यंत्रात शिरून मळणीवर ताण येतो. पट्ट्यांची फट प्रमाणाबाहेर वाढली की कणसाचे बूड रुळाला लागते व तेथील दाणे गळून पडतात. सामान्यतः ही फट पुढे सुमारे ३२ व मागे सुमारे ३५ मिलिमीटर ठेवून आरंभ करावा आणि ताटाची जाडी पाहून ती कमीजास्त करावी. साखळीच्या पिना व बुश झिजले की साखळी लांबते, ताण देऊनही सैल राहते व चक्रावरून उडी मारते. तिच्या पाकळ्या गुळगुळीत झाल्यास कणसे पुढे घरंगळून जमिनीवर पडतात.

बदलताना घ्यावयाची दक्षता

साखळी बदलताना तिची दातेरी चक्रेही तपासावीत. आकड्यासारखे वाकलेले दात नवी साखळी अल्पावधीत निकामी करतात. रूळ नेहमी जोडीनेच बदलावेत. एक नवा व एक जुना बसविल्यास दोहोंची पकड सारखी राहत नाही. बोथट धारेवर वेल्डिंगचा थर देणे हा तात्पुरता उपाय होय. थर असमान बसल्यास रूळ थरथरतो व बेअरिंग लवकर खराब होते. हे काम पीक उभे असताना काढण्यापेक्षा हंगाम संपताच हेडर धुऊन, तपासून, लागणाऱ्या भागांची यादी करणे श्रेयस्कर ठरते.

नुकसानीचा हिशेब

यंत्र पुढे गेल्यावर शेतात थांबून मोजणी करावी. एका चौरस मीटरमध्ये सरासरी २० दाणे पडलेले आढळल्यास हेक्टरी सुमारे ६० किलो मका वाया गेला असे समजावे. १५० ग्रॅम दाणे असलेले एक कणीस २५ चौरस मीटरमध्ये पडलेले असले तरी नुकसान तेवढेच. शाळेतील विद्यार्थ्यांनाही ही मोजणी सहज करता येईल. मात्र यंत्र शेताबाहेर गेल्यानंतरच ती करावी.

हात गमावू नये

झिजलेल्या हेडरमध्ये ताटे वारंवार अडकतात, आणि अपघात बहुधा अशाच वेळी घडतात. फिरत्या रुळात अडकलेले ताट हाताने ओढू पाहणाऱ्याला ते सोडून देण्याइतकाही अवधी मिळत नाही; ताटाबरोबर हातही आत खेचला जातो. म्हणून इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून व सर्व भाग पूर्ण थांबल्यावरच अडकलेला पाला काढावा. उचललेल्या हेडरखाली काम करताना त्याच्या सिलिंडरला सुरक्षा आधार लावल्याखेरीज आत जाऊ नये. मळणीयंत्रांवरील अशाच अपघातांमुळे संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, ही गोष्ट विसरता येणार नाही.

सर्वांची जबाबदारी

२०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना अर्थसाहाय्य देण्यात आले. सामाईक यंत्र अनेकांच्या शेतात फिरते. त्यामुळे ते लवकर झिजते आणि त्याची निगा मात्र कोणा एकाची राहत नाही. अशा केंद्रांनी प्रत्येक यंत्राची नोंदवही ठेवावी, कोणता भाग केव्हा बदलला ते तीत लिहावे आणि भाड्याच्या उत्पन्नातील काही रक्कम सुट्या भागांसाठी राखून ठेवावी. ग्रामपंचायत सदस्यांनी यंत्र गावात येताच ही नोंदवही पाहण्याचा प्रघात पाडल्यास शेतकऱ्यांचे धान्य वाचेल आणि यंत्रावर राबणाऱ्यांचे हातही सुरक्षित राहतील.