गवती छपराखालचे घर आणि त्यामागचा हिशेब

इंग्लंडमधील कॉटेजचे चित्र आता जगभर ओळखीचे झाले आहे. गवताने शाकारलेले जाड छप्पर, मधाच्या रंगाच्या दगडी भिंती, बुटके दार, दारावर चढवलेला गुलाब आणि आत धगधगणारी शेकोटी. या घराचा ऊबदारपणा आपल्याही घरी यावा, या हौसेने फुलाफुलांचे पडदे, गोधड्या आणि जुन्या वळणाचे लाकडी सामान खरेदी केले जाते. मात्र कॉटेजचे मूळ रूप शोभेच्या विचाराने आकाराला आलेले नाही. ते टंचाईने घडवले आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर त्यातले काय उचलावे आणि काय टाळावे हे ठरवणे सोपे जाते.

कष्टकऱ्याचे घर

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराच्या जागेत लहानसे घर आणि तुकडाभर जमीन मिळवून, त्या बदल्यात त्याच्या शेतावर राबणाऱ्या माणसाला ‘कॉटर’ म्हणत. त्याचे घर ते कॉटेज. भाटकार आणि मुंडकार यांचे नाते जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५८९ मध्ये, नव्या कॉटेजसोबत किमान ४ एकर जमीन असावी असा कायदा झाला. भूमिहीनांच्या वस्त्या वाढू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता. तो कायदा १७७५ मध्ये रद्द झाला.

हाताशी जे असेल त्यातून घर उभे राहत असे. डेव्हन परगण्यात चिकणमाती, पेंढा आणि पाणी एकत्र तुडवून जाड भिंती घालत. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत पिवळसर चुनखडीचा दगड मुबलक होता. नॉरफोकमध्ये पाणथळीतील उंच गवत छपरासाठी कापले जाई. गवती छपराचा उतार सुमारे ५० अंशांचा ठेवत, कारण पाणी मुरण्याआधी ते वाहून जाणे आवश्यक होते. पन्हळ नसल्याने वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढत. खिडक्या लहान, कारण काच महाग होती आणि १८४५ पर्यंत तिच्यावर कर होता. छत ठेंगणे, कारण एकाच चुलीच्या धगीवर सारे घर ऊबदार ठेवायचे होते. आज मोहक वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे असा रोकडा हिशेब होता.

परसबागही त्याच हिशेबातली होती. कोबी, शेंगा, बटाटे, औषधी झुडपे, मधमाश्यांची पोळी आणि एखादे डुक्कर यांवर घराची गुजराण चाले. फुले मधल्या मोकळ्या जागेत. गावाच्या सामाईक कुरणात गाय चरे, तेथूनच सरपण येई. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी ही कुरणे कुंपणाआड गेली. घर तेच राहिले, पण त्याचा आधार गेला.

गरिबीचे सौंदर्य कसे झाले

याच सुमारास सधन वर्गाला कॉटेजचे रूप आवडू लागले. ब्रिस्टलजवळील ब्लेझ हॅम्लेट येथे वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१० च्या सुमारास एका बँकमालकाच्या वृद्ध नोकरांसाठी नऊ कॉटेज रचली; एकासारखे दुसरे नाही. पुढे विल्यम मॉरिस यांनी यंत्राच्या मालापेक्षा हातकामाला मान दिला आणि १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. गर्ट्रूड जेकिल यांनी सरे परगण्यातील साध्या परसबागांतून धडे घेऊन बागरचनेची नवी दृष्टी दिली.

तरीही कॉटेजमध्ये राहणाऱ्या शेतमजुराचे घर मालकाच्या मर्जीवरच टिकून होते. काम सुटले की घरही सोडावे लागे. त्याला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले ते १९७६ मध्ये. गोव्याचा मुंडकार संरक्षण कायदा १९७५ चा आहे, हा योगायोग बोलका ठरावा. आता तिथे प्रश्न बदलला आहे. सुट्टीपुरते येणारे लोक ही घरे विकत घेतात, किमती चढतात आणि गावातली तरुण पिढी बाहेर पडते. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हजच्या नागरिकांनी २०१६ मध्ये सार्वमत घेऊन, नवी घरे कायम वास्तव्यासाठीच असावीत, असा नियम मंजूर केला. गोव्यातील जुन्या घरांच्या बंद दारांकडे पाहताना ही गोष्ट परकी वाटत नाही.

काय घ्यावे, काय सोडावे

जाड गालिचे, जड पडदे आणि घट्ट मिटलेल्या खिडक्या थंडी अडवण्यासाठी असतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात त्यांतून फक्त बुरशी मिळेल. इंग्लिश घर ऊब धरून ठेवते. आपल्या घराला वारा खेळता ठेवावा लागतो. त्यासाठी बल्कांव आणि पडवी आहेतच.

घेण्याजोगी गोष्ट भिंतीत आहे. जुन्या कॉटेजच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे. चुना ओलावा शोषतो आणि बाहेर सोडतो. विसाव्या शतकात अनेकांनी त्यावर सिमेंट आणि प्लास्टिकयुक्त रंग चढवले. ओल आत कोंडली, गिलावा सुटला, तुळया कुजल्या. तिथे आता पुन्हा चुन्याकडे वळण्याचा सल्ला दिला जातो. चिऱ्याच्या आणि मातीच्या जुन्या गोमंतकीय घरांनाही शिंपल्यांच्या चुन्याचाच गिलावा होता. त्यामुळे अशा घराची डागडुजी करताना सिमेंटचा थर देण्याआधी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट परसाची. अळू, कढीलिंब, मिरची, भेंडी आणि त्यांच्यामध्ये अबोली, जास्वंद, झेंडू लावले, तर कॉटेजच्या बागेचे सूत्र इथल्या मातीत उतरते. तिसरी गोष्ट सवयीची: मोडलेली खुर्ची सुताराकडे नेणे, फाटलेल्या लुगड्याची गोधडी शिवणे, नवे घेण्याआधी जुने वापरणे. यासाठी विलायतेकडे पाहण्याचीही गरज नाही. आजीच्या घरात हे सारे होतेच.