अंकाला संपादक असतो, समाजमाध्यमाला कोण?

‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य दिवाळी अंकांत कुठेतरी बारीक टायपात सापडतेच. कोर्टात संपादकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता छापून आली. अश्लीलतेच्या खटल्यात कवीबरोबर संपादक देविदास तुळजापूरकर आणि मुद्रकही आरोपी झाले. तुळजापूरकरांनी पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितली होती. तरी या दोघांवरचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १४ मे २०१५ रोजी, म्हणजे दोन दशके उलटल्यावर.

त्याआधी सातच आठवडे, २४ मार्चला, त्याच न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्याचा निकाल दिला होता. फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये अटक झाली, त्यातून हा खटला उभा राहिला. अटकेचे कलम ६६-अ रद्द झाले, ते योग्यच झाले. त्याच निकालात कलम ७९ चाही अर्थ लावला गेला. समाजमाध्यम हे ‘मध्यस्थ’; न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना आल्यावरही मजकूर हटवला नाही, तरच त्याचे संरक्षण जाते. लाखो तक्रारींत खरे-खोटे कंपनीने ठरवू नये, हे त्यामागचे कारण. मला ते पटते.

पुढे २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी आणि चोवीस तासांत पोच बंधनकारक केली. मरोळमधल्या माझ्या एका शेजारणीबद्दल घाणेरडा मजकूर फिरू लागला, तेव्हा मी एका बड्या माध्यमाकडे तक्रार केली. पोच वेळेत आली. मग उत्तर आले : आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. कायदा पाळला गेला आणि मजकूरही तिथेच राहिला.

कायदा या कंपन्यांना पोस्टमनच्या जागी धरतो. पण पोस्टमन पत्रे फोडून त्यातली चटपटीत तेवढी गावभर वाटत सुटत नाही. कोणाला काय, किती वेळा दाखवायचे हे माध्यमाची गणिते ठरवतात. निवड करणे, वर चढवणे हे संपादकाचे काम. कंपनी ते करते, जाहिरातींतून कमावते आणि जबाबदारीच्या वेळी मध्यस्थ होते.

संरक्षण सरसकट काढले तर कंपन्या भीतीपोटी पहिली गुर्जरांसारखीच कविता पुसतील. म्हणून नुसता साठवलेला मजकूर आणि स्वतः पुढे ढकललेला मजकूर यांत कायद्याने फरक करावा. साठवल्याबद्दल संरक्षण असू द्या. ढकलल्याबद्दल मात्र तुळजापूरकरांना जसे उत्तर द्यावे लागले, तसे कंपनीलाही द्यावे लागले पाहिजे.