गुडघे, खुबे आणि ऐकीव वैद्यक

जबलपूरच्या मराठी घरांत गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. ‘अहो, ऑपरेशन केलं की माणूस कायमचा बसतो,’ हे पहिले. ‘करायचंच असेल तर नागपूरला नेऊ,’ हे दुसरे. त्याच घरात गुडघ्यात वंगणाचे इंजेक्शन घेऊन आलेले काका असतात, ग्लुकोसामीनच्या गोळ्या खाणारी आत्या असते आणि ‘दुर्बिणीतून जरा साफ करून घ्या’ असे सुचवणारे शेजारीही असतात. या तिन्ही गोष्टींची कुणालाच भीती वाटत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले संशोधन मात्र उलटे सांगते. ज्या सांधेबदलाला आपण घाबरतो त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, आणि ज्या गोष्टी आपण सहज करून घेतो त्यांच्या बाजूने तो फारसा नाही.

‘दुर्बिणीतून साफ केलं की गुडघा मोकळा होतो’

या समजुतीची परीक्षा ज्या पद्धतीने झाली ती मुळातून सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रूस मोझली या शल्यविशारदाने झिजलेल्या गुडघ्यांचे 180 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाच्या गुडघ्यातला खराब भाग दुर्बिणीतून खरवडून काढला, दुसऱ्याचा गुडघा आतून नुसता धुतला. तिसऱ्या गटाला भूल दिली, कातडीवर छेद घेतले, डॉक्टरांनी हत्यारे मागितली, पाणी उडवल्याचा आवाजही केला. गुडघ्याच्या आत मात्र काहीच केले नाही. कुणाला काय झाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केला, तरी वेदनेत आणि चालण्यात तिन्ही गटांत फरक दिसला नाही. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2013 मध्ये फिनलंडमध्ये वयोमानाने गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेल्या 146 रुग्णांवर अशीच खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली आणि निष्कर्ष तोच निघाला. 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या तज्ज्ञ मंडळाने झिजेच्या जवळजवळ सर्व गुडघ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

ह्यूस्टनच्या त्या तिसऱ्या गटातल्या लोकांनाही बरे वाटले होते, हे विसरू नये. त्यामुळे शेजारी ‘मला फरक पडला’ म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. फरक पडला, पण तो दुर्बिणीमुळेच पडला असे त्यावरून ठरत नाही.

खेळताना लिगामेंट तुटलेला तरुण, किंवा ज्याचा गुडघा अडकून सरळच होत नाही असा माणूस, यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी दुर्बीण खरोखर उपयोगाची आहे.

‘वंगण संपलंय, इंजेक्शननं भरून येतं’

झिजलेल्या गुडघ्यातले द्रव बहुधा संपलेले नसते. उलट सूज आली की ते वाढते, कधी सुईने काढावेही लागते. झिजते ती हाडाच्या टोकावरची कूर्चा. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो आणि ती आपणहून भरून येत नाही. वंगणाच्या, म्हणजे हायल्युरॉनिक आम्लाच्या, इंजेक्शनांवरच्या 169 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला फायदा इतका किरकोळ होता की रुग्णाला तो जाणवणारही नाही, आणि गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले.

सध्या जोर आहे तो पीआरपीचा. आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात सोडायचा. कल्पना आकर्षक आहे, बिलही तसेच असते. ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर याची पारख झाली. निम्म्यांना पीआरपी दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. वर्षअखेरीस वेदनेत आणि कूर्चेच्या झिजेत म्हणावा असा फरक नव्हता. ही चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो, हे खरे. घरात लग्न आहे आणि आजीला मांडवात उभे राहायचे आहे, अशा वेळी डॉक्टर ते देतातही. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते घेत राहिलेल्यांची कूर्चा मिठाचे पाणी घेतलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि वेदना काही कमी झाली नाही, असे 2017 च्या अमेरिकी चाचणीत दिसले. मधुमेह असेल तर या इंजेक्शनानंतर काही दिवस साखर चढते. गुडघा बदलण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतले तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. ऑपरेशनची तारीख ठरवताना हे सर्जनला सांगितलेच पाहिजे.

ग्लुकोसामीनबद्दल थोडक्यात: 2006 च्या 1,583 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांना साखरेच्या गोळीपेक्षा ठळक फायदा झाला नाही. आंबट खाल्ल्याने सांधे धरतात, या समजुतीलाही चांगला पुरावा नाही.

‘गुडघा बदलला की पुन्हा दहा वर्षांनी बदलावा लागतो’

आधी एक स्पष्ट करू. ‘वाटी बदलली’ असे आपण म्हणतो, पण वाटी बहुतेकदा आपल्याच जागी राहते. फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा तुकडा बसवतात. मांडीच्या आणि पायाच्या हाडांची झिजलेली टोके साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून त्यावर धातूचे आवरण बसते आणि मधे कूर्चेच्या जागी पॉलिथिलीन. अख्खा गुडघा काढून दुसरा लावला, असे काही होत नाही.

हा सांधा टिकतो किती? अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2019 मध्ये उत्तर दिले: बदललेल्या दर शंभर गुडघ्यांपैकी सुमारे 82 गुडघे पंचवीस वर्षांनंतरही चालू असतात. खुब्यांचे प्रमाण सुमारे 58. पण वय महत्त्वाचे. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीनुसार सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत उरलेल्या आयुष्यात ती पुन्हा करावी लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास होती. पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेणाऱ्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत गेली. म्हणून बावन्नाव्या वर्षी डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ‘आता या वयात कशाला’ म्हणून आईला घरात बसवून ठेवणे हाही शहाणपणा नव्हे. वयापेक्षा हृदय, मूत्रपिंडे, साखर आणि माणसाची उमेद यांकडे पाहावे.

ऑपरेशननंतर माणूस बसत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पहिले दोन-तीन आठवडे दुखते, चांगलेच दुखते. सुधारणा मात्र वर्षभर होत राहते. ज्यांच्या घरी या आठवड्यांत दयेपोटी व्यायाम बंद पडतो त्यांचा गुडघा आखडू शकतो. दुसरीही बाजू लपवू नये: पाचांतल्या एखाद्याला शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ काही ना काही दुखणे राहते. पायात रक्ताची गुठळी आणि सांध्यात जंतुसंसर्ग हे धोके थोडे असले तरी खरे आहेत.

रोबोटचे फलक आता आपल्याकडच्या शहरांतही दिसतात. रोबोट हाड अचूक कापायला मदत करतो. पण कोरियात 1,400 हून अधिक रुग्णांना दहा वर्षांहून जास्त काळ तपासून 2020 मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात रोबोटने केलेले गुडघे आणि नेहमीच्या पद्धतीने केलेले गुडघे सारखेच निघाले. फलकापेक्षा सर्जन वर्षाला असे किती गुडघे करतो हे विचारावे. ज्यांचा हात रोजचा आहे त्यांच्याकडे गुंतागुंत कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. नागपूर की जबलपूर, याचे उत्तरही त्यातच आहे. पावणेतीनशे किलोमीटरवरच्या गावी ऑपरेशन झाले तर टाके, फिजिओथेरपी आणि मध्येच सूज आली तर दाखवायला जाणे, या सगळ्यासाठी प्रवास घडतो. जवळचा हात अनुभवी असेल तर दूर जाण्यात फक्त प्रतिष्ठा उरते.

पैशाचीही एक जुनी धास्ती आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. त्याआधी सरासरी दीड लाखाच्या पुढे छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा कर वगळून 54,720 रुपयांवर आला. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. गुडघ्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात त्यात बसते हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावे.

‘गुडघे दुखतात, म्हणजे चालणं बंद’

ही समजूत सर्वांत महाग पडते. डेन्मार्कमध्ये गुडघाबदल सुचवला जाईल अशा 100 रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम दिला, निम्म्यांना फक्त व्यायाम, आहार, शिक्षण आणि औषधे. वर्षाने शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता: 85 टक्क्यांची वेदना बऱ्यापैकी कमी झाली, दुसऱ्या गटात 68 टक्क्यांची. पण ऑपरेशन न केलेल्या पन्नासांपैकी फक्त 13 जणांनी वर्षभरात ते करून घेतले, आणि गंभीर दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात कितीतरी जास्त होते. म्हणजे ऑपरेशन अधिक गुणकारी आहे, तरीही आधी तीन महिने मांडीचे स्नायू बळकट करून पाहणे शहाणपणाचे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावा. पुढे त्याला पैसे लागत नाहीत.

वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाने लठ्ठ रुग्णांची गुडघेदुखीही कमी झाल्याचे 2024 मध्ये 407 जणांच्या चाचणीत दिसले. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे असते. भिशीच्या गटात एकमेकींना सुचवण्याची ती गोष्ट नव्हे.

‘सांध्यांचं दुखणं म्हणजे म्हातारपण’

या समजुतीचा सर्वांत ठोस प्रतिवाद जबलपूरमध्येच झाला. मेडिकल कॉलेजच्या शेजारी, नागपूर रस्त्यावर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याची संस्था 1984 पासून आहे. तिथल्या तपस चकमा आणि सहकाऱ्यांनी मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावातल्या मुलांची पाहणी केली आणि 1997 मध्ये ती प्रसिद्ध केली. मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर घासत होते. दोष हातपंपाच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा होता. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. तिथले पाणी तिच्या कितीतरी पुढे गेलेले. खोल खडकातून आलेले पाणी दिसायला स्वच्छ असते, आणि पाणी उकळले की फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि चुन्याने ते काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केली. जबलपूरच्या संस्थेने पाण्याच्या जोडीला आहारावर भर दिला: कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि स्थानिक चकोडा भाजी. तिला आपण टाकळा म्हणतो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांतही हाच प्रश्न आहे. तिथे पाठ आणि सांधे आखडलेल्या माणसाला वर्षानुवर्षे ‘संधिवात’ म्हणून गोळ्या देण्याआधी त्याच्या विहिरीचे पाणी तपासावे.

दुसरे उदाहरण सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मिळेनासे झाले की ते आतून मरते, मग खचते. तक्रार बऱ्याचदा जांघेत असते, कधी चक्क गुडघ्यात. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि तो स्वच्छ येतो. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही साधाच दिसतो. एमआरआयमध्ये मात्र खूण सापडते. हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना 2006 च्या एका चाचणीत नुसत्या फिजिओथेरपीशी झाली, तेव्हा तीन वर्षांनी दोन्हींचा निकाल सारखाच होता. हाड पूर्ण खचले तर विशी-तिशीतही खुबा बदलावा लागतो, आणि त्या वेळी रक्त, ऑक्सिजन आणि शरीरातले पाणी यांची तयारी नेहमीपेक्षा कसोशीने करावी लागते.

‘हा आदिवासींचाच आजार’ हाही गैरसमज. विदर्भात तो अनेक समाजांत आहे, आणि जबलपूरची कित्येक मराठी घरे मूळची विदर्भातलीच. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल अभियानात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी मोफत होते. घरातल्या तरुण मुलाचा खुबा किंवा जांघ महिनाभर दुखत असेल तर नुसते मलम चोळत बसू नका. रक्ताची ही तपासणी करून घ्या. घरात लग्न ठरत असेल, तर दुखत नसले तरीही करून घ्या.