स्त्रियांचा कक्ष आणि तृतीयपंथीयांचा हक्क



सुरतेहून निघालेली ताप्ती मार्गाची आगगाडी खानदेश ओलांडून जळगावास पोहोचते, आणि तेथून भुसावळकडे निघाली म्हणजे वाटेत भादली नावाचे एक लहानसे स्थानक लागते. या मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटात आजही मराठी आणि अहिराणी बोल कानी पडतात. मोठ्या शहरात निर्माण होणारे प्रश्न याच रुळांवरून गावापर्यंत येतात, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या प्रश्नाविषयी आज लिहावयाचे आहे, तो भादलीसारख्या गावातच उभा राहिला.

२०२० सालच्या अखेरीस महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. हा उमेदवार तृतीयपंथी असल्याने स्त्रियांच्या जागेवर उभा राहू शकत नाही, असे सांगून निवडणूक अधिकाऱ्याने तो अर्ज फेटाळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. अर्जदाराने स्त्री ही ओळख जन्मभरासाठी पत्करलेली आहे, उद्या एखाद्या लाभाच्या मोहाने पुन्हा पुरुष म्हणून पुढे यावयाचे नाही, ही गोष्ट न्यायालयाने स्पष्टपणे नोंदली. निवडणूक झाली, आणि गावाने अंजलीताईंना निवडून दिले.

या निकालाने काहींना आनंद झाला, काहींच्या मनात शंका उरली. स्त्रियांसाठी म्हणून जे राखून ठेवले, त्यात कोणी यावे? हाच प्रश्न विलायतेत गेली काही वर्षे मोठ्या कडवटपणे लढविला जात आहे. आपण तो शांतपणे समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. काही बालके जन्मतःच अशा शरीराची असतात की ती मुलगा की मुलगी हे निश्चित सांगता येत नाही. काही जण पुरुषदेहाने जन्मतात, परंतु स्वतःला स्त्री मानतात. काही स्त्रीदेहाने जन्मतात आणि स्वतःला पुरुष मानतात. गुरूच्या घरी राहणारा, टाळी वाजवून मागणारा जो समाज आपण बाजारात व गाडीत पाहतो, गुजरातेत बहुचराजीच्या मंदिराशी ज्याचे जुने नाते आहे, तो यांपैकी केवळ एक भाग होय. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष याऐवजी ‘इतर’ असे लिहिलेल्यांची संख्या देशात ४ लाख ८७ हजार ८०३ भरली. महाराष्ट्रात ती सुमारे ४१ हजार आणि गुजरातेत साडेअकरा हजारांच्या आसपास होती.

आता स्त्रियांची बाजू पाहू. स्त्रियांसाठी वेगळी जागा हे काही लाडाकोडाने दिलेले दान नव्हे. ज्या गावात घरोघरी शौचालय नव्हते, तेथे आपल्या आयाबहिणी पहाटेच्या अंधारात चारचौघी मिळून का जात, हे कोणास सांगावयास नको. मुंबईच्या पोलिस कोठड्यांत स्त्रीकैद्यांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, तेव्हा १९८३ साली न्यायालयाने आदेश दिला की, संशयित स्त्रियांना पुरुषांच्या कोठडीत ठेवू नये, त्यांच्यासाठी निराळ्या कोठड्या असाव्यात, तेथे स्त्री शिपायांचा पहारा असावा, आणि त्यांची चौकशीही स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. १९८९ च्या रेल्वे कायद्याने स्त्रियांच्या राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हा गुन्हा ठरविला. ५ मे १९९२ रोजी चर्चगेटहून बोरिवलीस स्त्रियांची पहिली खास लोकल सुटली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत येऊ लागली. आमच्या किती भगिनींची नोकरी त्या गाडीने शक्य झाली!

सुरतेसारख्या शहरात तर ही गरज अधिकच आहे. कामासाठी एकटे आलेले पुरुष तेथे इतके आहेत की, २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे आठशेही स्त्रिया भरल्या नाहीत. अशा वस्तीत सामायिक नळावर, सामायिक शौचालयात, रात्रपाळीहून परतताना स्त्रीच्या मनाला जी धास्ती वाटते, तिला कोणी संकुचितपणा म्हणू नये. दाराला कडी असावी आणि दारापलीकडे परका पुरुष नसावा, एवढेच तिचे मागणे असते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मराठा राजवटीत दख्खनेतील काही हिजड्यांना गावोगाव ठराविक हक्क वसूल करण्याची सनद होती; इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ते हक्क बंद पाडले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या एका भागात त्यांची नावे सरकारी नोंदवहीत लिहिण्याची आणि स्त्रीवेषात उघड्यावर दिसल्यास शिक्षेची तरतूद होती. म्हणजे जो समाज खेड्याच्या व्यवस्थेत कसाबसा सामावलेला होता, त्याला कायद्याने चोराच्या पंक्तीस बसविले. त्या कायद्याचा तो भाग पुढे गेला, पण डाग उरला. २००६ साली चेन्नईत पोलिसांच्या छळाला कंटाळून एका तृतीयपंथी व्यक्तीने स्वतःस जाळून घेतले. २००७ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबीयांस पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. पोलिस कोठडीचे भय केवळ स्त्रियांनाच वाटते असे नाही, हे त्यावरून दिसते.

अखेर १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती राधाकृष्णन व न्यायमूर्ती सिक्री यांनी सर्वोच्च न्यायालयात सुप्रसिद्ध निवाडा दिला. तृतीयपंथीयांना कायद्याने तिसरे लिंग म्हणून ओळख द्यावी, स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा त्यांचा अधिकार मान्य करावा, त्यांना मागासवर्ग समजून शिक्षणात व नोकरीत राखीव जागा द्याव्यात, त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक शौचालये बांधावीत, असे सरकारांना सांगण्यात आले. २०१९ साली संसदेने त्यांच्या हक्कांचा कायदा केला. मात्र त्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा लिहिली गेली, आणि त्याच काळी स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षांची शिक्षा होती. इज्जतीचे मोल कायद्याच्या तराजूतही कसे निरनिराळे ठरते, याचा हा नमुना.

मग संघर्ष नेमका कोठे आहे? बारकाईने पाहिल्यास ‘स्त्रियांची जागा’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी दडलेल्या दिसतात. पहिली लज्जारक्षणाची: शौचालय, न्हाणीघर, रुग्णालयातील कक्ष. दुसरी सुरक्षिततेची: कोठडी, तुरुंग, निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान. तिसरी संधीची: पंचायतीतील राखीव जागा. तिन्हींना एकच उत्तर देऊ पाहिले की भांडण माजते.

लज्जारक्षणाचा प्रश्न बहुतांशी गवंड्याच्या हाती आहे. २०१७ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छतेच्या सूचनांत असे म्हटले गेले की, सार्वजनिक शौचालयांत तृतीयपंथीयांनी स्त्रियांचे वा पुरुषांचे, जे पसंत पडेल ते वापरावे. २०१४ च्या निवाड्यात मात्र त्यांच्यासाठी वेगळ्या शौचालयांची गोष्ट होती. दोन्हींत अडचण आहे. एका सूचनेने काही स्त्रियांना संकोच वाटतो. दुसरीने वेगळी पाटी लावून त्या माणसास जणू वाळीत टाकल्यासारखे होते, शिवाय खेड्यात तिसऱ्या इमारतीस पैसा नसतो. याहून साधा उपाय असा की, स्त्री व पुरुष यांची सोय आहे तशी ठेवून, जमिनीपासून छतापर्यंत भिंत, आतून कडी व आत पाणी असलेली एक स्वतंत्र खोली बांधावी. अपंग, म्हातारी माणसे, लहान मूल घेतलेला बाप आणि तृतीयपंथी, सर्वांनाच ती उपयोगी पडेल. तेथे जाणाऱ्याला कोणी ‘तू कोण?’ असे विचारण्याचे कारण उरणार नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. स्कॉटलंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये दोन स्त्रियांवर बलात्कार केल्याबद्दल दोषी ठरलेल्या, आणि खटला चालण्याआधीच्या काळात आपण स्त्री असल्याचे सांगू लागलेल्या एका व्यक्तीस प्रथम स्त्रियांच्या तुरुंगात ठेवण्यात आले. लोकक्षोभ झाल्यावर काही दिवसांतच तिला पुरुषांच्या तुरुंगात हलवावे लागले. पुढे १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मतः स्त्रीदेह असलेली व्यक्ती असाच आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले की, लिंगबदल केलेल्यांना भेदभावापासून त्या कायद्याने दिलेले संरक्षण कायमच राहते. पहिले वाक्य एका पक्षाने उचलले, दुसरे दुसऱ्या पक्षाने. दोन्ही एकत्र वाचणारे थोडे. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळविले की, तृतीयपंथी कैद्यांसाठी तुरुंगात वेगळा कक्ष असावा, परंतु त्यामुळे ते सर्वांपासून तोडले जाऊ नयेत. स्त्रीकैद्यांची निर्धास्तता आणि तृतीयपंथीयांचा जीव, दोन्ही राखणारा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

राहिली संधीची गोष्ट. २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळू लागल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले, आणि गुजरातेतही २०१५ च्या निवडणुका त्याच प्रमाणाने झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी रोखलेल्या स्त्रीला गावकीत बसविण्यासाठी हा प्रयत्न होता. त्यातील जागा दुसऱ्यास गेली तर तिला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१४ च्या निवाड्याप्रमाणे तृतीयपंथीयांना त्यांचा निराळा वाटा वेळीच दिला गेला असता, तर भादलीचा खटला उद्भवलाच नसता. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी एक टक्का जागा राखल्या. दोन भुकेल्यांना एका भाकरीवर भांडावयास लावून ताटे वाढणाऱ्याने बाजूस उभे राहावे, हे न्यायाचे नव्हे. भाकरी दुसरी भाजली पाहिजे.

याविषयी ख्रिस्तसभा काय म्हणते, असे काही वाचक विचारतील. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तऐवजात स्त्री-पुरुष भेद हा देवाच्या निर्मितीतील मूलभूत भेद आहे व तो पुसून टाकणारी विचारसरणी स्वीकारता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच दस्तऐवजाचा पाया मात्र असा की, मनुष्य कोणत्याही अवस्थेत असो, त्याची प्रतिष्ठा अमर्याद आहे व ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. त्याआधी २०२३ साली रोमहून स्पष्ट करण्यात आले की, श्रद्धावंतांत संभ्रम निर्माण होणार नसेल तर अशा व्यक्तीस इतरांप्रमाणेच बाप्तिस्मा देता येतो. तेव्हा आपली शिकवण न सोडताही आपले दार उघडे राहू शकते.

आणि दाराची गोष्ट निघाली म्हणून शेवटी एक सांगतो. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, तेव्हा साऱ्या देशाने वाहवा केली. पण त्यांतील काहींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना भाड्याने खोली कोणी देईना. पगार होता, गणवेश होता, रात्री पाठ टेकावयास जागा नव्हती. स्त्रियांच्या डब्यात कोणी बसावे हा वाद आपण करतो, त्याच्या कितीतरी आधी अशा मुलाला घरातून बाहेर काढलेले असते. कोणी सुरतेच्या गाडीत बसवून देतो, कोणी मुंबईच्या. आणि मग स्थानकावर हात पसरताना दिसले की आपण मान फिरवतो.

आईबापहो, तुमच्या घरी असे लेकरू असेल तर त्याला मारून, कोंडून वा नवससायास करून पालटण्याच्या भरीस पडू नका. समंजस डॉक्टराचा सल्ला घ्या, त्याचे शिक्षण सुटू देऊ नका, आणि जेवणाच्या वेळी त्याचे ताट मांडा. आपल्या मुलीबाळींनाही सांगा की, कडी असलेले दार मागणे हा त्यांचा हक्क आहे आणि तो मागताना त्यांनी लाजू नये. कायद्याचे शब्द काळाप्रमाणे बदलत राहतील, न्यायालये आपापले निकाल देतील. घरात कोणाचे ताट मांडावयाचे, हे मात्र कोणत्याही न्यायालयात ठरत नाही.