‘पाणी लागलं!’च्या आधी आणि नंतर

उन्हाळ्यात रात्री-अपरात्री तुमच्या गल्लीत बोअरची गाडी आलीये कधी? नंबर प्लेटवर बरेचदा ‘टीएन’, कारण तमिळनाडूतलं तिरुचेनगोडे बोअरच्या गाड्यांसाठी देशभर ओळखलं जातं. कॉम्प्रेसर सुरू झाला की खिडक्या थरथरतात, बाइक्स धुळीनं माखतात. पाण्याचा फवारा उडाला की सगळ्यांचे मोबाइल वर. स्टेटस रेडी!

आता तोच कॅमेरा जरा रॉड लावणाऱ्या पोराकडे वळवा. बहुतेक तुमच्याच वयाचा असेल. पायात स्लिपर, डोक्याला हेल्मेट नाही, नाकाला गमछा. दगडाची बारीक धूळ गमछ्यानं अडत नाही. पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइटसारख्या खडकात क्वार्ट्झ भरपूर असतं. त्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. उपाय साधे आहेत: धुळीवर पाणी मारणं, चांगला मास्क, कानात इअरप्लग, पायात सेफ्टी शूज. हवेचा पाइप दाबाखाली निसटला तर सापासारखा फटके मारतो, म्हणून त्याला साखळी हवी. आणि गाडीचा उंच मनोरा उभा करण्याआधी वर बघायचं. विजेची तार असेल तर जागा बदलायची, ‘होईल ॲडजस्ट’ म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. वरच्या माती-मुरमाच्या थरात केसिंग पाइप घालतात. तो पक्क्या खडकापर्यंत गेला नाही किंवा त्याच्या बाजूची फट नीट बुजवली नाही, तर गटाराचं, शोषखड्ड्याचं पाणी थेट खाली उतरतं. चार पाइपांचे पैसे वाचतात, पण भूजल नासतं. ते एकट्या तुमचं नसतं, शेजारच्या विहिरीतही तेच येतं. बोअरमधून निघालेला गाळही नाल्यात सोडायचा नसतो. आणि ‘अजून शंभर फूट मारू’ हा हट्ट? राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. खोल गेलं की पाणी मिळेलच, याची बेसॉल्टमध्ये गॅरंटी नाही.

तिसरी गोष्ट सगळे निघून गेल्यावरची. २००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. जवळपास पन्नास तासांनी तो जिवंत बाहेर आला, अख्ख्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतरही मुलं पडतच राहिली आणि सगळीच वाचली नाहीत. शेवटी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले: बोअर घेण्याआधी १५ दिवस प्रशासनाला कळवायचं, यंत्रणा नोंदणीकृत हवी, कामाच्या जागी मालकाच्या आणि यंत्रणेच्या पत्त्याचा फलक आणि कुंपण हवं, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर वेल्डिंग केलेलं किंवा नट-बोल्टनं आवळलेलं झाकण. निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकायचा.

नियम चांगलेत, पण ते पाळले जातायत का हे बघणार कोण? तुम्ही बघू शकता. हॉस्टेलच्या मागे, गावी शेताच्या बांधावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नजर टाका. एखाद्या बोअरच्या तोंडावर गोणपाट आणि दगड एवढंच दिसलं, तर मालकाला सांगा. ऐकलं नाही तर ग्रामपंचायत किंवा पालिकेला फोटोसकट अर्ज द्या. गोणपाट उन्हानं दोन वर्षांत कुजतं. खड्डा मात्र दोनशे फुटांचाच राहतो.