यंत्राची अक्कल

हल्ली रोगट पानाचा फोटो दाखवला की मोबाईल रोगाचे नाव सांगतो. ही अक्कल येते कोठून? २०१६ साली शास्त्रज्ञांनी १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे घेऊन संगणकाला रोग ओळखायला शिकवले. त्याच संचातील बाजूला ठेवलेल्या पानांवर तो शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर आला. निराळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर मात्र जेमतेम एकतीस वेळा!

यंत्र पूर्वी पाहिलेल्याशी ताडून बघते. पाणी कधी दिले, खत कोणते टाकले, हे त्याला ठाऊक नसते. चुकीच्या फवारणीचा खर्चही त्याला भरावा लागत नाही. म्हणून सल्ला जरूर घ्या. पण पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून पाहा, एखादे रोगट झाड उपटून मुळी तपासा. शंका राहिली, तर नमुना कृषी कार्यालयात आणा.